घरातल्या कासवाची कातडी आणि कवच : रोग ओळखा, रोग टाळा



आपल्या वस्त्यांत शेळी, कोंबडी, कुत्रे, मांजर पाळणे जुनेच आहे. त्यांचे दुखणे आपल्याला कळते. शेळी रवंथ करेनाशी झाली, कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली, की घरातली जाणती माणसे लगेच सांगतात, 'हिला काहीतरी झालंय.' कासवाचे तसे नाही. ते ओरडत नाही, कण्हत नाही. आजारी असले तरी महिना-महिना तग धरते. त्यामुळे घरच्यांना वाटते ते बरे आहे, आणि आत मात्र रोग वाढत असतो. कासवाचे दुखणे पहिल्यांदा दिसते ते त्याच्या कातडीवर आणि कवचावर. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. कासवाचे बहुतेक त्वचारोग चार कारणांनी होतात : घाण पाणी, उन्हाचा अभाव, अंग वाळवायला कोरडी जागा नसणे आणि चुकीचे खाणे. ही चारही कारणे घरातच दूर करता येतात. औषधाची पाळी त्यानंतर येते.

आधी पाहा, कासव कोणते?

ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हिरवे पिल्लू हे अमेरिकेतले कासव आहे. त्याला 'रेड इअर्ड स्लायडर' म्हणतात. विकताना ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडेच मोठे असते. वाढल्यावर मात्र त्याची पाठ आठ ते बारा इंच होते आणि नीट सांभाळले तर ते वीस-तीस वर्षे जगते. हा लेख मुख्यतः या कासवाबद्दल आहे.

मन्याड नदीत, जगत्तुंग सागरात, बारूळच्या धरणात किंवा शेततळ्यात सापडलेले कासव ही वेगळी गोष्ट आहे. ते रानातले जनावर आहे. पाठीवर चांदण्यांसारखी पिवळी नक्षी असलेले 'स्टार कासव' आणि मऊ, चामड्यासारख्या पाठीचे पाणकासव या दोन्ही जाती वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२ मध्ये दुरुस्त झालेला हा कायदा १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यानुसार पहिल्या अनुसूचीतला प्राणी पकडणे, विकणे किंवा बेकायदा बाळगणे यासाठी तीन ते सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. 'आम्हाला माहीत नव्हते' हे कारण चालत नाही. अशा प्रकरणात विकणारा दलाल निसटतो आणि ज्याच्या घरात घमेल्यात कासव सापडते तो गरीब माणूस अडकतो. आपल्या पोरांनी नदीवरून कासव आणले असेल तर त्याला घरी ठेवू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

कवच म्हणजे पेटी नव्हे

अनेकांना वाटते की कवच हे निर्जीव झाकण आहे. तसे नाही. कासवाचा पाठीचा कणा आणि बरगड्या कवचालाच जोडलेल्या असतात. कवच आतून हाडाचे असते आणि वरून आपल्या नखांसारख्या पदार्थाच्या खवल्यांनी झाकलेले असते. आपल्या नखाखाली जसे जिवंत मांस असते, तसेच त्या खवल्यांखाली रक्त वाहते आणि स्पर्शही कळतो. म्हणून कवचावर खिळ्याने नाव कोरणे, भोक पाडून दोरी बांधणे, ऑइल पेंट किंवा नेलपॉलिश लावणे हे त्या जिवाला इजा करणे आहे. रंगाखाली ओल अडकते, ऊन पोचत नाही आणि तिथेच सड सुरू होते. हळद-कुंकू आणि तेलाचा थर बसला तरी तेच होते.

हा रोग नाही, घाबरू नका

* वाढत्या कासवाच्या पाठीवरून अधूनमधून पातळ, काचेसारखे पारदर्शक पापुद्रे निघतात. खाली नवे, टणक, चकचकीत खवले दिसतात. ही वाढ आहे. पापुद्रे नखाने ओढून काढू नका.
* मान आणि पाय यांवरून पाण्यात पांढुरकी पातळ साल सुटते. खालची कातडी गुळगुळीत आणि मूळ रंगाची असेल तर चिंता नाही.
* पाठीवर हिरवा, बुळबुळीत थर म्हणजे शेवाळ. जुन्या मऊ टूथब्रशने, नुसत्या पाण्याने हलकेच घासा. थर पुन्हा पुन्हा येत असेल तर पाणी घाण होते आहे, असे समजा.

हा रोग आहे, लक्ष द्या

*कवच सडणे.* पाठीवर किंवा पोटाच्या बाजूला पांढरे, पिवळे किंवा करडे डाग पडतात. बोटाने दाबले तर तेवढीच जागा मऊ लागते. पुढे खड्डा पडतो, आतून चिकट किंवा दह्याच्या गोळीसारखा पदार्थ निघतो आणि कुजका वास येतो. घाण पाण्यातले जंतू आणि बुरशी खरचटलेल्या जागेतून आत शिरतात, त्यातून हे होते. पोटाची बाजू सतत ओली असते, म्हणून सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते आणि ती वरून दिसत नाही.

*पोटाच्या कवचावर लाली.* खवल्यांच्या खाली लालसर झाक किंवा रक्ताचे ठिपके दिसले, कासव सुस्त झाले आणि खाणे सोडले, तर जंतू रक्तात पोचले असण्याची शक्यता आहे. इथे एक दिवसही थांबू नका.

*बुरशी.* मान, पाय, शेपटीच्या बुडाशी कापसासारखे पांढरे-करडे पुंजके दिसतात. पाण्याबाहेर काढल्यावर ते अंगाला चिकटतात, म्हणून कासव पाण्यात असतानाच पाहावे.

*कातडी सोलवटणे आणि डोळे सुजणे.* साल निघते आणि खाली लाल, ओली जागा उरते. पापण्या सुजतात, डोळे उघडत नाहीत. डोळे मिटले की कासवाला अन्न दिसत नाही, ते उपाशी राहते आणि आणखी खंगते. यामागे बहुधा 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता असते.

*कानाजवळ गाठ.* डोळ्याच्या मागे, एका किंवा दोन्ही बाजूंना बोराएवढा फुगवटा येतो. कासवाचा पू घट्ट असतो, आपल्या गळवासारखा वाहून जात नाही. तो डॉक्टरांनाच चिरा देऊन काढावा लागतो. घरी सुईने टोचू नका.

*संपूर्ण कवच मऊ किंवा वेडेवाकडे होणे.* हा जंतूंचा रोग नाही. कॅल्शियम आणि ऊन कमी पडल्याने हाडे ठिसूळ होतात. लहान मुलांना मुडदूस होतो, तसाच हा प्रकार आहे.

*जखमेत अळ्या.* पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी अंडी घालते. अळ्या दिसल्या की त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दवाखान्यात नेईपर्यंत काय करावे?

१. आजारी कासव वेगळ्या, स्वच्छ, कोरड्या टबात ठेवा. खाली धुतलेले सुती फडके अंथरा आणि ते रोज बदला.

२. पोव्हिडोन आयोडीनचे औषध स्वच्छ पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करा. कापसाने डागावर लावा, पाच-दहा मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा आणि अंग कोरडे होऊ द्या. डोळ्यांत आणि तोंडात जाऊ देऊ नका.

३. पाणी पिण्यासाठी आणि खाण्यासाठी दिवसातून दोन वेळा अर्धा-अर्धा तास स्वच्छ पाण्यात सोडा. अगदी लहान पिल्लू कोरडे ठेवले तर लवकर सुकते, म्हणून त्याला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

४. कवच तडकले असेल तर निर्जंतुक गॉजने झाका, कोरडे ठेवा आणि निघा. डिंक, एम-सील, सिमेंट भरू नका. जंतू आत कोंडले जातात.

५. नेताना पाण्याने भरलेल्या पिशवीत नेऊ नका. हवेची भोके पाडलेल्या खोक्यात ओलसर फडक्यावर ठेवा.

पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा क्रमांक आहे. आधी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. तिथे गाई-म्हशी, शेळ्यांचे काम जास्त असते. कासवाचे दुखणे गुंतागुंतीचे वाटले तर पुढे कुठे न्यावे, हे तिथल्या डॉक्टरांनाच विचारा. आपल्या भागात उदगीर आणि परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

हे कधीही करू नका

सर्वांत महत्त्वाची सूचना : शेळ्या-मेंढ्यांच्या गोचीड, खरूज आणि जंतांसाठी आपल्याकडे आयव्हरमेक्टिन सर्रास वापरतात. ते घरात शिल्लक असते आणि 'कातडीचंच औषध आहे' म्हणून कासवालाही द्यायचा मोह होतो. कासवासाठी हे औषध विष आहे. त्याने कासवाला लकवा होतो, ते मरते. इंजेक्शन, थेंब, गोळी, कोणत्याही रूपात देऊ नका. डॉक्टर नवीन असतील तर 'हे कासव आहे, आयव्हरमेक्टिन चालत नाही ना?' असे विचारायला संकोच करू नका.

रॉकेल, फिनाईल, डेटॉल, चुना, तंबाखूचे पाणी, खोबरेल किंवा करंजीचे तेल जखमेवर लावू नका. माणसांची अँटिबायोटिकची गोळी कुटून पाण्यात टाकू नका. त्याने रोग दबतो, बरा होत नाही.

टाळायचे कसे?

*पाणी.* साधारण नियम असा की कासवाच्या पाठीच्या दर इंचाला चाळीस लिटर पाणी हवे. म्हणजे चार इंची कासवाला दीडशे लिटरच्या आसपास. काचेच्या वाडग्यात किंवा वरणाच्या पातेल्यात कासव निरोगी राहत नाही. गाळणयंत्र नसेल तर दर दोन दिवसांनी निम्मे आणि आठवड्याला सगळे पाणी बदला. पाणी वाचवायचे असेल तर कासवाला वेगळ्या लहान टोपात खायला घाला. अर्ध्या तासाने ते टोपभर पाणी टाकून द्या. मोठ्या टबातले पाणी मग बरेच दिवस स्वच्छ राहते. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्याला टीसीएल पावडरचा वास येत असेल तर ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग वापरा.

*कोरडी जागा.* टबात गुळगुळीत, सपाट दगड असा ठेवा की कासव पूर्ण अंग पाण्याबाहेर काढून बसू शकेल. दगडावर चढायला उतार द्या. खवल्यांतली ओल रोज सुकली की बुरशीला थारा मिळत नाही.

*ऊन.* सकाळचे कोवळे ऊन रोज थेट अंगावर पडू द्या. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन उपयोगाचे नाही, कारण हाडांना लागणारे किरण काचेत अडतात. टबाचा अर्धा भाग नेहमी सावलीत ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छतावर किंवा अंगणात दुपारी टब राहिला तर पाणी तापून कासव मरते. एप्रिल-मे महिन्यांत नऊ वाजायच्या आत टब सावलीत घ्या. हिवाळ्यात उलट काळजी. पार थंड पाण्यात कासव सुस्तावते, खात नाही आणि जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते. रात्री टब घरात घ्या.

*खाणे.* भात, पोळी, दूध, बिस्किट, फरसाण हे कासवाचे अन्न नाही. कासवाच्या गोळ्या, काट्यांसकट लहान मासे, गांडूळ, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर आणि लाल भोपळा द्या. गाजर-भोपळ्यातून 'अ' जीवनसत्त्वाला हातभार लागतो. पालक रोज देऊ नका, त्यातले घटक कॅल्शियम अडवतात. आयुर्वेदिक सामानाच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस पाण्यात टाकून ठेवा. कासव तो कुरतडते आणि त्याला कॅल्शियम मिळते. लहान कासवाला रोज आणि मोठ्याला एक दिवसाआड, अर्ध्या तासात संपेल इतकेच घाला.

आपल्या लेकरांची तब्येत

कासव धडधाकट दिसले तरी त्याच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. विष्ठेतून ते पाण्यात, कवचावर आणि तिथून मुलांच्या हाताला लागतात. त्यातून ताप, पोटात कळा आणि जुलाब होतात. याच कारणाने अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवे विकायला बंदी घातली. लहान मुले पिल्लू हातात घेतात, तोंडाजवळ नेतात, हे तिथल्या आरोग्य खात्याच्या लक्षात आले होते.

म्हणून एका खोलीच्या घरात हे नियम पाळाच :

* कासवाला, टबाला किंवा पाण्याला हात लागला की साबणाने वीस सेकंद हात धुवा.
* टब चुलीजवळ, पिण्याच्या माठाजवळ किंवा भांडी घासायच्या मोरीत धुऊ नका.
* ते पाणी फुलझाडांना घाला. कोथिंबीर, मेथी, टोमॅटो यांना नको.
* कासवाला अंथरुणात घेऊ नका, पापी घेऊ नका.
* पाच वर्षांखालील मूल, गरोदर बाई, म्हातारे माणूस किंवा दीर्घ आजाराचा रुग्ण घरात असेल तर कासव न पाळणेच चांगले.

मुलाला ताप आणि जुलाब झाले तर ओआरएस सुरू करा, दवाखान्यात न्या आणि घरात कासव आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. शौचातून रक्त पडले, मूल मलूल झाले किंवा लघवी कमी झाली तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. कासव चावले किंवा बोचकारले तर जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. कासवापासून रेबीज होत नाही.

'लकी कासव' आणि 'वीस नखी'

काचेच्या भांड्यात कासव ठेवले की घरात पैसा टिकतो, असे सांगून ही पिल्ले विकली जातात. त्याहून वाईट धंदा 'वीस नखी' कासवाचा आहे. अशा कासवाने गुप्तधन सापडते, पैशांचा पाऊस पडतो, असे सांगून भोळ्या माणसांना लाखोंना बुडवतात. नखांची संख्या ही जातीवर अवलंबून असते. मऊ पाठीच्या पाणकासवाला प्रत्येक पायाला तीन नखे असतात. दुकानातल्या लाल पट्टेवाल्याला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार. एखाद्या जातीत जास्त, एखाद्या जनावरात कमी. यात शक्ती कसली? चमत्काराचा दावा करून लुबाडणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. असा माणूस वस्तीत आला तर पोलिसांना कळवा. घरात पैसा येतो तो कष्टाने आणि मुलांच्या शिक्षणाने, हे आपल्या माणसांना वेगळे सांगायला नको.

सांभाळणे जमत नसेल तर

दुष्काळात घरच्या माणसांसाठी पाणी विकत घ्यायची वेळ येते, तेव्हा दीडशे लिटरचा टब कसा भरायचा, हा प्रश्न खरा आहे. म्हणूनच नवे कासव घेण्याआधी वीस वर्षांचा विचार करा आणि जमणार नसेल तर घेऊ नका. पण घेतलेले कासव जगत्तुंग सागरात, किल्ल्याच्या खंदकात किंवा मन्याडमध्ये सोडू नका. ते परदेशी आहे. जगभरातल्या सर्वांत त्रासदायक शंभर आक्रमक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. आपल्या देशी कासवांचे अन्न आणि ऊन खायच्या जागा ते बळकावते आणि रोगही पसरवते. मन्याडचे पाणी पुढे मांजरेला आणि मांजरेचे गोदावरीला मिळते, तेव्हा इथे सोडलेले कासव इथेच राहील असेही नाही. १९२६ वर विचारा, पशुवैद्यकांचा सल्ला घ्या किंवा जागा आणि पाणी असलेल्या जबाबदार माणसाकडे ते द्या.

दर रविवारी पाच मिनिटे

घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला हे काम द्या, पण हात धुण्याच्या अटीवर. कासव दोन्ही हातांनी धरा आणि क्रमाने पाहा :

१. डोळे उघडे, स्वच्छ आहेत का?
२. कानाजवळ फुगवटा आहे का?
३. मान, काखा आणि मांड्यांच्या घड्यांत लाली, पुंजके, जखम आहे का?
४. पाठ टणक आहे का? मऊ जागा, खड्डा, वास?
५. उलटे करून पोटाची बाजू : लाली, डाग? पाहून झाले की लगेच सरळ करा.
६. आठवड्यात नीट खाल्ले का? पोहताना एका अंगाला कलते का?

वहीत तारीख टाकून सहा उत्तरे लिहा. महिन्यातून एकदा वजन करून तेही नोंदवा. डॉक्टरांकडे जाल तेव्हा ही वही सोबत न्या, त्यांचे अर्धे काम सोपे होते. मऊ जागा, वास, लाली, मिटलेले डोळे किंवा तीन-चार दिवस खाणे बंद, यांपैकी एक जरी दिसले तरी पुढच्या रविवारची वाट पाहू नका.